चेंबरबाई

शिपायाने फवारा मारला तो नेमका तिच्या खुर्चीमागे. फुस्स. मग पुन्हा एकदा, फुस्स. न्यायाधीशसाहेबांनी कागदावरून नजर न काढता नुसती दोन बोटं हलवली होती. तेवढ्यावर शिपायाने कपाटावरचा डबा उचलला आणि एवढ्या मोठ्या खोलीत दुसरी जागाच नसल्यासारखा सरळ तिच्या पाठीशी येऊन उभा राहिला. गुलाबाचा वास होता. म्हणजे डब्यावर गुलाब छापलेला होता म्हणून गुलाबाचा म्हणायचं, एरवी तो खोकल्याच्या औषधाचा म्हटला तरी खपला असता. बारीक थेंब तिच्या मानेवर उतरले, गार लागले. नवऱ्याच्या वकिलाने इतका वेळ नाकाशी धरलेला रुमाल घडी करून खिशात ठेवला. नवरा छताकडे बघत होता. आणि तिने, हे मात्र तिला नंतर कितीतरी वेळ स्वतःला माफ करता आलं नाही, बाही सारखी केल्याचं निमित्त करून मान खाली घातली आणि हळूच स्वतःचं मनगट हुंगलं.

साबण. साबणाशिवाय दुसरा कसलाही वास नव्हता. सकाळी तिने आंघोळ केली होती, मग कपडे घालून झाल्यावर उगीच शंका आली म्हणून ते काढून पुन्हा केली होती. कोपरांवरची कातडी घासून घासून खरखरीत झालेली. पर्समध्ये साबणाची वडी होतीच, कागदात गुंडाळलेली. गेली काही वर्षं ती वडी घेतल्याशिवाय तिचं पाऊल घराबाहेर पडत नसे. तरीही हुंगलंच. या खोलीतल्या प्रत्येकाने नवऱ्याचं लेखी म्हणणं वाचलं होतं. पत्नीच्या नोकरीच्या स्वरूपामुळे घरात कायम दुर्गंधी असे, पाहुणे येईनासे झाले, सहजीवन अशक्य झाले, वगैरे वगैरे. तेव्हा खोलीत घाण वास सुटला म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा कुठे वळणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. वास होताच, खोटं कशाला बोला. मंद, गुलाबाच्या खालून पुन्हा डोकं वर काढणारा. तो आपलाच असेल का, असं तिला घटकाभर खरोखर वाटलं. आणि त्या वाटण्याचीच तिला सगळ्यात जास्त शिसारी आली.

ती एक वाक्य बोलायला आली होती. एकच. तिच्या वकीलबाईंनी तसं बजावलंच होतं, आपल्या चेंबरमध्ये बसवून. चेंबर म्हणजे काय, तर कोर्टाच्या जिन्याखाली प्लायवूड ठोकून केलेला कोनाडा. आत तीन वकील आणि एक पंखा, पंखा ज्याच्याकडे वळेल त्याचा अशील नशीबवान. "हे बघ," वकीलबाई म्हणाल्या होत्या, "टोमणे, अबोला, वेगळा कप, हे सगळं घरोघर असतं म्हणतील. छळ म्हणायचा तर त्या संध्याकाळचं तुझ्या तोंडून रेकॉर्डवर यायला हवं. ते आलं तर बाकीचं मी बघते. नाही आलं तर घटस्फोटाचा अर्ज फेटाळलाच म्हणून समज, आणि मग राहा त्याच्याबरोबर." राहा त्याच्याबरोबर, हे त्या थट्टेने म्हणाल्या होत्या, पण तिला ती थट्टा वाटली नाही. तेव्हापासून ती आपलं वाक्य पाठ करत होती. भाजी चिरताना, साइटवर उभी असताना, बहिणीच्या घरी उसन्या पलंगावर पडल्यापडल्या. मोठ्याने म्हटलं की प्रत्येक वेळी एका ठरावीक शब्दाशी जीभ अडायची, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

चेंबर या शब्दाने तिच्या आयुष्यात नको इतकी गर्दी केली होती. नवरा व्यापाऱ्यांच्या चेंबरचा चिटणीस. महिन्यातून एकदा टाय लावून जायचा आणि खोकल्याशिवाय दुसरं काही न बोलता परत यायचा. सासूच्या छातीत यंत्र बसवलं तेव्हा ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, "माझं डबल चेंबरचं आहे हो, साधं नाही." आणि तिचं स्वतःचं चेंबर म्हणजे रस्त्यातलं लोखंडी झाकण आणि त्याच्याखालचं ते. नगरपालिकेच्या मलनिस्सारण खात्यात ती इंजिनिअर. निम्म्या शहराची गटारं तिच्या डोक्यात नकाशासारखी पसरलेली होती. माणसं तिला चेंबरबाई म्हणायची, आणि त्यात कुचेष्टा नव्हती. "चेंबरबाईंना बोलवा, त्या सांगतील कुठं तुंबलंय ते." पहिल्या दिवशी मुकादमाने तिचा खांदा धरून मागे ओढलं होतं. "बाई, झाकण काढल्याबरोबर वाकायचं नाही. आधी त्याला श्वास घेऊ द्यायचा, मग आपण घ्यायचा." तिथे तिला किळस कधी आली नाही असं नाही, पहिले काही महिने जेवण जात नव्हतं. पण ती सरळ किळस होती. घाण समोर दिसायची, तिचं कारण सापडायचं, बांबू घालून, पाणी मारून ती पुढे सरकायची, आणि संध्याकाळी खात्याच्या चौकीवर आंघोळ केली की अंगावरून उतरायची. उतरत नाही अशी किळस तिला फार नंतर कळली, लग्नानंतर, फरशी लख्ख पुसलेल्या घरात.

आणि आता हे चेंबर. "बाईमाणसाची खाजगी बाब आहे, खुल्या कोर्टात नको, माझ्या चेंबरमध्ये घेऊ," असं साहेब परवा म्हणाले तेव्हा तिला इतकं बरं वाटलं होतं की डोळ्यांत पाणी आलं. खाजगी! नवरा, नवऱ्याचा वकील, तिच्या वकीलबाई, कोपऱ्यात लघुलेखक आपलं यंत्र मांडीवर घेतल्यासारखा, दाराशी शिपाई, आणि मधूनमधून डोकं आत घालून "सॉरी सॉरी" म्हणणारे कोणी ना कोणी. बाहेर निदान लांबी-रुंदी होती, बोलणं हवेत विरलं असतं. इथे सगळ्यांचे गुडघे एकमेकांना लागायचे बाकी. मऊ खुर्च्या, काचेखाली दाबलेले कुठल्याशा सत्काराचे फोटो, साहेबांच्या पाठीमागे एक अरुंद दार, त्याच्या खुंटीवर टांगलेला त्यांचा काळा झगा. झगा काढलेले साहेब साध्या सदऱ्यात कुणाच्याही मामासारखे दिसत होते, पोटावर बटण ताणलेलं. चांगला माणूस असावा. आवाज खाली ठेवून बोलत होते.

"हं, बोला बाई. त्या दिवशी काय झालं?"

तिने श्वास घेतला. गुलाब, आणि त्याच्याखालचं ते. "त्या दिवशी मोठी लाईन फुटली होती. मी चौकीवर आंघोळ करून, कपडे बदलून घरी आले. बाहेरच्या खोलीत यांच्या चेंबरची माणसं बसली होती. त्यातले एकजण हसत हसत म्हणाले, काहीतरी वास येतोय का हो? तर माझे मिस्टर उठले, त्यांनी मला मनगटाला धरून मागच्या नळावर नेलं, आणि सगळ्यांच्या समोर घरच्या—"

पाठीमागचं अरुंद दार उघडलं आणि मघाशी आत गेलेला शिपाई ट्रे घेऊन बाहेर आला.

"थांबा बाई, चहा घेऊ आधी," साहेब म्हणाले. "गार झाला की मजा नाही."

वाक्य तिच्या तोंडात तसंच राहिलं, घास राहतो तसं. दार नीट लागलं नव्हतं. फटीतून आतलं दिसत होतं: पिवळी पडलेली फरशी, टेकवून ठेवलेली बादली, बेसिन, बेसिनमध्ये आत्ताच विसळलेल्या कपांचं पाणी. साहेबांचं खाजगी स्वच्छतागृह. आणि दार उघडल्याबरोबर तो वास खोलीत असा आला की गुलाब पार कोलमडला. तिने ओळखला. आता ओळखायला मनगट हुंगावं लागलं नाही. फरशीतल्या जाळीखालच्या वाकड्या पाइपात घोटभर पाणी साचून राहावं लागतं, तेवढंच काय ते आपल्या आणि गटाराच्या मध्ये असतं. ते आटलं की खालची सगळी हवा निवांत वर येते. तांब्याभर पाण्याचं काम. कित्येक दिवस कुणी तिथे तांब्याभर पाणी ओतलं नव्हतं, आणि तिथेच विसळलेल्या कपांतून ही सगळी माणसं चहा पीत होती. तिच्या मानेवर गुलाब शिंपडून. सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण ती इथे हे सांगायला आली नव्हती. साहेबांचं गटार तिने काढलं असतं तर सगळे हसले असते, वातावरण मोकळं झालं असतं, आणि तिचं वाक्य पुन्हा कधीच जागेवर आलं नसतं. तिने कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

नवऱ्याने बिस्कीट घेतलं. चहात बुडवलं, नेमकं पडण्याआधी वर काढलं आणि तोंडात टाकलं. ते त्याला छान जमायचं. सगळ्याच नाजूक गोष्टी त्याला छान जमायच्या. त्याचं संडास-बाथरूमच्या सामानाचं दुकान होतं, शहरातलं मोठं. काचेआड पांढरीशुभ्र भांडी, बेसिनं, नळ, ज्यांत कधीच काही गेलेलं नाही अशी. लग्न ठरलं तेव्हा तो चारचौघांत म्हणायचा, "आमचा धंदा एकच, मी वरचा, ही खालची," आणि तीही हसायची. तिला तो विनोद मनापासून आवडायचा. वर्षभरात विनोद संपला. आधी चप्पल बाहेर, मग पर्स बाहेर, मग मागच्या दाराने यायचं. मग तिचा कप वेगळा, टॉवेल वेगळा, कपड्यांची बादली वेगळी. तो कधी ओरडला नाही, हात उगारणं तर लांबच. ती काही हातात द्यायला गेली, वर्तमानपत्र असो, किल्ली असो, की तो एक पाऊल मागे सरून, अगदी गोड आवाजात म्हणायचा, "राहू दे तुझ्याकडेच." तेवढंच. सकाळी, दुपारी, रात्री बिछान्यातसुद्धा, तिने हात पुढे केला की, राहू दे तुझ्याकडेच. शेवटी शेवटी ती घरात हात अंगाशी धरून वावरायला लागली, कशाला लागू नये म्हणून. नोकरी सोड म्हणे, मग मूल. आपल्या हाताने आपल्या मुलालाही शिवायचं नाही अशी काही तरी व्यवस्था त्याच्या मनात असणार, असं तिला एकदा डाळ धुताना सुचलं, आणि ती मोरीत ओकली. सासूला वाटलं, दिवस गेले.

बिस्किटाचा ओला कण नवऱ्याच्या मिशीवर राहिला होता. नवऱ्याचा वकील चहा फुंकून फुंकून पीत होता. वकीलबाईंनीही घेतला, काय करतील. साहेबांनी शेवटचा घोट घेताना चूळ भरल्यासारखा आवाज केला, कप सरकवला, रुमालाने ओठ टिपले आणि लघुलेखकाकडे वळून डोळे मिटले.

"घ्या. सदर दिवशी मी कामावरून घरी परतल्यानंतर, माझ्या अंगास येणाऱ्या दुर्गंधीमुळे, माझ्या पतीने मला घराच्या मागील नळावर हातपाय धुण्यास नेले. पूर्णविराम. माझे पती स्वच्छतेबाबत आग्रही असल्याने त्यावरून आमच्यात शाब्दिक चकमक झाली. पूर्णविराम. हं, पुढे?"

यंत्र टकटकत होतं. साक्षीदार काय बोलतो ते नाही, साहेब काय सांगतात ते तिथे उतरतं. वकीलबाईंनी हे सांगितलं होतं, पण सांगितलेलं आणि कानांनी ऐकलेलं यांत फरक असतो. माझ्या अंगास येणाऱ्या. माझ्या. तिच्याच तोंडात घालून तिच्याच नावावर. इतक्या सफाईने कुणी तिला कधी धुतलं नव्हतं. त्या संध्याकाळच्या नळावरसुद्धा नाही.

"साहेब, मी असं म्हटलं नाही."

साहेबांनी डोळे उघडले. "म्हणजे?"

"वास येत नव्हता. मी आंघोळ करून आले होते. आणि हातपाय धुवायला नाही नेलं."

"अहो बाई, अर्थ तोच ना? कोर्टाची भाषा जरा वेगळी असते."

"अर्थ तो नाही, साहेब."

"साहेब, मुद्दा स्वच्छतेचाच आहे," नवऱ्याचा वकील पुढे वाकून म्हणाला.

"साक्षीदाराचे शब्द तसेच घ्यावेत अशी विनंती आहे," वकीलबाई म्हणाल्या, पण चहा प्यायल्यानंतरच्या आवाजात.

साहेब खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर सोपं गेलं असतं. "मी तुमच्या भल्यासाठीच सांगतोय. हे कागद कायमचे राहतात. उद्या तुम्हाला दुसरा संसार मांडायचाय, कोणीतरी हे वाचेल. कशाला नको ते तपशील? दोघं संमतीने सह्या करा, स्वच्छ वेगळे व्हा."

स्वच्छ. तिला हसू फुटलं असतं. त्या संध्याकाळी कपडे धुण्याच्या दगडावर बसवलेली ती, डोळ्यांत फिनेल, मानेवरून, गळ्यावरून, कानामागून फिरणारे ते कडक केस, त्यांत अडकलेलं जे असतं ते. आणि वर नवऱ्याचा आवाज, गिऱ्हाइकाला माल दाखवताना लावायचा तो. "इथे राहतं बघा, सांध्यात. सांध्यात जोर लावावा लागतो." स्वयंपाकघराच्या दारात चेंबरची माणसं कप घेऊन उभी होती. कुणीतरी हसलं, कुणीतरी नाही. सासू आतून म्हणाली, "अरे, तिच्या डोळ्यांत जाईल," बस्स, एवढंच. ती स्वतः हात अंगाशी धरून बसली होती, नेहमीसारखी.

"माझ्या नवऱ्याने घरच्या संडासाचा ब्रश आणला," ती म्हणाली. जीभ अडली नाही. "आणि लोकांसमोर माझी मान आणि हात त्याने घासले. असं लिहा."

टकटक थांबली होती. लघुलेखकाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या ओठांचे कोपरे खाली गेले, दुधात काही पडलेलं दिसावं तसे. "स्वच्छतागृहातील साधनाने, असं घालू?"

"संडासाचा ब्रश, साहेब."

खोलीत फक्त दारामागचा वास हलत होता. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग बराच वेळ तिच्याकडे पाहायचं टाळलं. "घ्या," शेवटी ते म्हणाले. "माझ्या पतीने... घरातील संडासाच्या... ब्रशने..." प्रत्येक शब्द ते जिभेच्या टोकावरून बाहेर ढकलत होते.

"साहेब, ब्रश नवा होता."

नवरा बोलला होता. सकाळपासून पहिल्यांदाच. वकिलाने त्याच्या दंडाला हात लावला, पण तो थांबणार नव्हता. त्याचे कान लाल झाले होते, इतकी लाज वाटलेला तो तिने कधी पाहिला नव्हता. "माझ्या घरात वापरलेला ब्रश असा कुणी... साहेब, दुकानातून त्याच दिवशी आणलेला, पाकिटातला होता. मी स्वतः फोडला. आमच्याकडे तशी घाण चालत नाही."

वकिलाने डोळे मिटून घेतले. वकीलबाई खुर्चीत ताठ झाल्या. "साहेब, हे नोंदवून घ्यावं. सामनेवाल्याने स्वतः कबूल केलंय."

नवरा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. आपण काय केलं हे त्याला अजून कळलं नव्हतं. ब्रशाची बेअब्रू टळली, यातच तो होता. मिशीवरचा कण तसाच होता. तिला वाटलं होतं, हा क्षण आला तर आपल्याला सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. आनंद नाही, सुडाचं समाधानही नाही. ब्रश नवा नव्हता, हे तिला माहीत होतं. पण नवा असता तर? नवा असता तर याच्या लेखी काही घडलंच नव्हतं. या माणसाशेजारी ती इतकी वर्षं झोपली होती.

मग सगळं भराभर झालं. लघुलेखकाने कागद काढून वाचून दाखवला, सपाट आवाजात, संडासाचा हा शब्द शेजारच्या शब्दांइतकाच हलका करून. दुर्गंधी गेली होती, चकमक गेली होती. नवऱ्याचं वाक्यही होतं. "बरोबर आहे?" बरोबर होतं. सही करायला तिने पर्स उघडली तर आत साबणाची वडी हाताला लागली, पेन सापडेना. साहेबांनी आपलं पेन टेबलावरून तिच्याकडे सरकवलं, जाड, काळं, सोनेरी टोपणाचं. तिने सही केली. नाव पूर्ण लिहिलं, नेहमी घाईत शेवट ओढायची तसा ओढला नाही.

सगळे उठले. साहेबांनी झग्याकडे हात नेला. बाहेर कोर्ट ताटकळलं होतं. तिने टोपण लावून पेन त्यांच्यापुढे धरलं.

साहेबांचा हात अर्ध्यावर आला आणि थांबला. ते हसले, मामासारखेच, मनापासून. "राहू दे," ते म्हणाले. "राहू दे तुमच्याकडेच."

कदाचित त्यांना भेट द्यायची असेल. कदाचित त्यांच्याकडे अशी पेनं ढिगाने येत असतील. चांगला माणूस, असं ती सकाळपासून म्हणतच होती. तिच्या दंडावरून काटा सरसरत मनगटापर्यंत आला, आणि सवयीने हात आत, अंगाशी वळायला लागला. तिने तो वळू दिला नाही.

"पेन तुमचं आहे, साहेब."

"अहो, घ्या हो."

शिपाई लगबगीने पुढे आला, मध्ये हात घालून. तिने पेन बाजूला घेतलं. "तुम्ही नको," ती त्याला म्हणाली, "मी साहेबांच्या हातात देते." वकीलबाईंनी मागून तिचा पदर ओढला. दाराबाहेर कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारत होतं. साहेब एक बाही घातलेले, एक लोंबती, उभे होते, आणि आता हसत नव्हते.

ती हात पुढे करून उभी राहिली.